आपले नागपूरचे चर्च कोणी बांधले?

(पुनरुत्थानकाळातील पाचवा रविवार, वर्ष अ : वाचनांच्या निमित्ताने)



आजचे पहिले वाचन (प्रेषितांची कृत्ये ६:१-७) ही एका भांडणाची हकिकत आहे. आपण ते ऐकतो, सात जणांची निवड झाली एवढे लक्षात ठेवतो आणि स्तोत्राकडे वळतो. पण निवड का करावी लागली? यरुशलेमच्या ख्रिस्ती मंडळीत विधवांना रोज अन्न वाटले जाई. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार अशी, की वाटणीच्या वेळी आमच्या विधवांना वगळले जाते. वाटणी करणारे होते तिथलेच, घरची भाषा बोलणारे. तक्रार करणारे होते दूरदूरच्या शहरांतून येऊन राहिलेल्या घराण्यांतले. पवित्र आत्मा उतरून फार काळ लोटला नव्हता, आणि ख्रिस्तसभेतली कुरबुर सुरू झाली ती भाषेच्या रेघेवर.

हे वाचन आले की मला एक बैठक आठवते. धर्मग्रामाचे नाव सांगत नाही. कोणाला वाईट वाटायला नको. विषय होता रविवारच्या मिस्सांच्या वेळा. एक गृहस्थ उठून म्हणाले, ‘‘आम्ही इथले मूळ लोक. हे चर्च आमच्या वाडवडिलांनी बांधले. सोयीची वेळ आमच्या भाषेलाच मिळायला हवी.’’ मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘मूळ कसले? तुमचे आजोबा तर आगगाडीतून उतरले!’’ हशा पिकला, पण त्यात गोडवा नव्हता. चहा न घेताच बरेच जण घरी गेले. मीही गेलो. पण ‘मूळ’ हा शब्द काही डोक्यातून जाईना. नागपूरच्या कॅथलिक ख्रिस्तसभेत मूळचे म्हणायचे तरी कोणाला?

शोध घ्यायचा तर शहरातून नव्हे, कामठीपासून सुरुवात करावी लागते.

१८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. भोसल्यांच्या फौजेसमोर इंग्रजांकडून जे शिपाई उभे होते त्यांत मद्रासच्या पलटणी होत्या. पुढे १८२१ मध्ये कन्हान नदीच्या काठी कामठीची छावणी वसली आणि तिथे वर्षानुवर्षे मद्रास लष्कराचाच तळ राहिला. मद्रासी पलटणीची एक रीत होती, ती आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. बंगालचा शिपाई बायकामुलांना गावी ठेवून नोकरीवर जाई. मद्रासचा शिपाई कुटुंब बरोबर नेई. पलटण कूच करू लागली की मागून बैलगाड्यांतून बायका, पोरे, म्हातारी माणसे, भांडीकुंडी निघत. त्या गाड्यांमधून तमिळ आणि तेलुगू कॅथलिक घरे कन्हानच्या काठी येऊन उतरली. शिपायांबरोबर बँडवाले होते, आचारी होते, आया होत्या. पलटण बदलून गेली तरी पेन्शनीत निघालेले पुष्कळ जण इथेच राहिले.

दुसरा गट आयरिश. त्या काळच्या इंग्रजी लष्करातल्या गोऱ्या शिपायांत आयरिश फार मोठ्या संख्येने असत आणि त्यांतले बहुतेक कॅथलिक. घरी दारिद्र्य, म्हणून पलटणीत भरती. त्यांचे अधिकारी बहुधा प्रॉटेस्टंट. त्यामुळे आपली मिस्सा, आपला धर्मगुरू, मरताना आपले शेवटचे संस्कार यांची त्यांना ओढ असे. अशा रीतीने नागपूर भागातल्या पहिल्या मिस्सांना गुडघे टेकणारे लोक दोन टोकांचे होते. एक समुद्रापलीकडून आलेले, दुसरे कावेरीकडून. मराठी बोलणारा त्यांत क्वचितच सापडला असता.

माझी आजी या कामठीच्या घराण्यातली. जपमाळ ती तमिळमध्ये म्हणे, हिशेब हिंदीत करी आणि शेजारणीशी भांडत असे ती अस्सल नागपुरी मराठीत. तिची आई तिला सांगत असे, की छावणीच्या चर्चमध्ये पुढची बाके गोऱ्यांची; आपल्या लोकांनी मागे चटईवर बसायचे. आजी हे सांगताना रागावत नसे. ‘‘चटई आमची होती, घरून नेलेली,’’ एवढेच म्हणे.

आता धर्मगुरूंकडे येऊ. तेही इथले नव्हते. आल्प्स पर्वताच्या कुशीत सव्हॉय नावाचा प्रदेश आहे. आज तो फ्रान्समध्ये आहे, पण १८६० पर्यंत तो सार्डिनियाच्या राज्याचा भाग होता. गरीब, डोंगराळ मुलूख. हिवाळ्यात तिथली लहान मुले पॅरिसला जाऊन धुराडी साफ करण्याचे काम करीत. या सव्हॉयमधल्या आन्सी गावी १८३८ मध्ये फादर पेत्रुस मेर्मिए यांनी संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने मिशनरी संघ स्थापन केला. त्यांनाच आपण फ्रान्सेलियन फादर म्हणतो. १८४५ मध्ये चार धर्मगुरू आणि दोन ब्रदर तिथून निघाले आणि १८४६ च्या फेब्रुवारीत विशाखापट्टणमला पोहोचले. त्यांच्याकडे सोपवलेला मुलूख बंगालच्या उपसागरापासून थेट आपल्या नागपूरपर्यंत पसरलेला होता. नकाशावर बोट फिरवून पाहा. मधे जंगले, घाट, नद्या, रेल्वे नाही. बैलगाडीने आणि पायी आठवडेच्या आठवडे लागत. १८४९ मध्ये त्याच भागातून संत जोसेफ संघाच्या धर्मभगिनीही यानमला उतरल्या.

या फादरांची पंचाईत लक्षात घ्या. मातृभाषा फ्रेंच. आयरिश शिपायाचा पापनिवेदन संस्कार ऐकायला इंग्रजी हवी. त्याच दुपारी शिपायाच्या बायकोसाठी तमिळ हवी. विशाखापट्टणमला तेलुगूशिवाय चालत नसे. बाजारात हिंदुस्थानी, खेड्यात मराठी. शेतकऱ्यांच्या घरांतून आलेली ही तरुण माणसे भाषा शिकता शिकताच कित्येकदा तापाने गेली.

आपल्या कॅथेड्रलला संत फ्रान्सिस द सेल्स यांचे नाव आहे ते या फादरांमुळे. या संताविषयी दोन गोष्टी आपल्याला सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली, ते १६०२ पासून जिनिव्हाचे बिशप होते, पण स्वतःच्या जिनिव्हात त्यांना राहता आले नाही. ते शहर कॅल्व्हिनपंथीयांच्या हाती होते, त्यामुळे १६२२ मध्ये मरण येईपर्यंत त्यांनी आपला कारभार आन्सीहून चालवला. म्हणजे आपल्या कॅथेड्रलचे आश्रयदाते संत असे बिशप आहेत, ज्यांना स्वतःच्या कॅथेड्रलमध्ये जाऊन बसता येत नव्हते! दुसरी गोष्ट मार्टिन नावाच्या बहिऱ्या माणसाची. त्याला ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची तयारी कोण करून देणार? लोकांना ते अशक्य वाटत होते. बिशपांनी त्याला घरी ठेवून घेतले, हातवाऱ्यांच्या खुणा ठरवल्या आणि त्या खुणांनी त्याला धर्मशिक्षण दिले. म्हणून ते बहिऱ्यांचेही आश्रयदाते आहेत. तू माझी भाषा शिक, असे ते त्याला म्हणाले नाहीत. आणखी एक, जाता जाता : तरुणपणी शाब्ले प्रांतात लोक प्रवचनाला येईनात, तेव्हा ते लहान पत्रके लिहून दारांखालून घरात सरकवीत. आपल्या हातातले हे रविवारचे पत्रक त्याच वंशातले.

१८७० मध्ये नागपुरात संत फ्रान्सिस द सेल्स शाळा सुरू झाली. रेल्वे १८६७ मध्येच मुंबईकडून इथे येऊन पोहोचली होती. १८८७ साली विशाखापट्टणमपासून वेगळा होऊन नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि बिशप रिकाझ त्याचे पहिले बिशप झाले. गंमत अशी, की त्याच १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. एका वर्षी दोन्ही गोष्टी घडल्या हा योगायोग, पण पुढची पन्नास-साठ वर्षे या दोघींचे संसार एकमेकांत गुंतलेले राहिले. रेल्वेने कोणकोण आणले? अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड, गोव्याचे कारकून आणि वादक, तेलुगू फिटर, तमिळ स्टोअरकीपर. अजनी आणि मोतीबागच्या रेल्वे वसाहतींतून ही माणसे रविवारी सकाळी शहरातल्या चर्चला येऊ लागली. कामठीच्या जुन्या पलटणी घराण्यांना हे रेल्वेवाले उपरे वाटले असणारच. त्या बैठकीतला ‘आगगाडीतून उतरले’ हा टोमणा निदान शंभर वर्षे जुना असावा.

मग मराठी माणूस या चर्चमध्ये केव्हा आला? मला हा प्रश्न अवघड वाटतो, कारण हे पत्रक मराठीत आहे आणि ते वाचणारे आपण. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत खेडी ओस पडली. आईबाप गेलेली मुले मिशनच्या अनाथालयांत वाढली, तिथेच त्यांची लग्ने झाली, घरे उभी राहिली. तिकडे मराठवाड्यात घोगरगावचे फादर गुरियन जाकिये यांनी खेडोपाडी काम केले. तेही याच फ्रान्सेलियन संघाचे. पुढे नोकरीसाठी, शिक्षणासाठी मराठवाड्याची, नगरकडची कुटुंबे नागपूरला आली. माझे आजोबा त्यांतलेच एक. एक पत्र्याची पेटी आणि मास्तरकीची सनद घेऊन ते आले, आणि कामठीच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले तेव्हा दोन्हीकडचे नातेवाईक नाराज होते. एका बाजूला ‘मद्रासी’ नको होती, दुसऱ्या बाजूला ‘खेडवळ’ नको होता. दोघेही कॅथलिक, दोघेही बाहेरून आलेले.

तर अशी ही उलटी गोष्ट आहे. जमीन मराठी, भोवतालचे शहर मराठी, पण चर्चच्या आत मराठी भाषा उशिरा आली, मागच्या दाराने आली आणि गरिबांच्या तोंडून आली. आपल्यातल्या काहींना अजूनही इंग्रजी मिस्सा ‘मोठी’ आणि मराठी मिस्सा ‘धाकटी’ वाटते, त्याची मुळे इथे आहेत. युरोपियन मुलांच्या शाळा वेगळ्या आणि देशी मुलांच्या वेगळ्या, असे त्या काळी उघडपणे चालत असे. मिशनऱ्यांचे उपकार मानताना हेही सांगितले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतरचा भाग थोडक्यात सांगतो. १९५१ मध्ये युजीन डिसोझा हे आपले बिशप झाले. त्याआधीचे सारे बिशप फ्रेंच बोलणारे होते. १९५३ मध्ये नागपूर महाधर्मप्रांत झाला. १९५६ मध्ये मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली. तिच्याबरोबर कितीतरी सरकारी नोकर, त्यांत आपले कॅथलिकही, सामान बांधून निघाले. सात वर्षांनी, १९६३ मध्ये, आर्चबिशप युजीनही भोपाळचे पहिले आर्चबिशप म्हणून तिकडे गेले. रिकाम्या बाकांवर नवे लोक आले : केरळचे. टायपिस्ट, परिचारिका, शिक्षक, कोळसा खाणी आणि आयुध निर्माणीतले कामगार. चांद्याला १९६२ पासून सिरो-मलबार विधीचे वेगळे मिशन सुरू झाले आणि १९७७ मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला. १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षे आपले मेंढपाळ असलेले आर्चबिशप अब्राहम विरुथुकुलंगरा हेही मूळचे केरळचे, मध्ये एकवीस वर्षे खांडव्याला काढून इथे आलेले.

एक प्रश्न मला पूर्वी कधी पडला नव्हता. इतक्या भाषा असूनही जुन्या काळी मिस्सांच्या वेळेवरून भांडण का होत नसे? उत्तर सोपे आहे. मिस्सा लॅटिनमध्ये होती. ती कोणाचीच भाषा नव्हती, त्यामुळे सगळे सारखेच परके. आयरिश शिपाई, आजीची आई आणि रेल्वेचा गार्ड यांना वेदीवरचे शब्द जवळपास तितकेच कळत किंवा कळत नसत. भाषेचा प्रश्न प्रवचन, गाणी आणि पापनिवेदन यांपुरता राही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषेला दार उघडले. फार मोठी कृपा झाली. पण त्याच दिवशी प्रश्नही जन्मला : कोणाची लोकभाषा? कॅलेंडरात रविवार एकच, सकाळ एकच आणि वेदीही एकच.

अमेरिकेतल्या शहरांनी या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. तिथे जर्मन, पोलिश, इटालियन स्थलांतरितांनी आपापली वेगळी चर्चेस बांधली, कधीकधी एकाच रस्त्यावर. न्यूयॉर्कच्या मॉट स्ट्रीटवर ‘ट्रान्सफिगरेशन’ नावाचे चर्च आहे. १८५३ मध्ये कॅथलिकांनी ती इमारत घेतली तेव्हा तिथला समाज आयरिश होता. पुढे इटालियन आले, तेव्हा त्यांची मिस्सा खाली तळघरात होत असे आणि आयरिशांची वर. वर जागा मिळायला त्यांना बरीच वर्षे वाट पाहावी लागली. आज त्या चर्चमध्ये चिनी कॅथलिक सर्वांत जास्त आहेत. वर कोण आणि खाली कोण, हे भांडण ज्यांनी मांडले त्यांची नातवंडे केव्हाच उपनगरांत निघून गेली.

आपल्याकडे जवळचे उदाहरण पुण्याचे. क्वार्टर गेटचे ‘सिटी चर्च’ सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ साली सुरू झाले, ते पेशव्यांच्या चाकरीतल्या गोव्याकडच्या ख्रिस्ती सैनिकांसाठी. तिथेही आधी पलटण आणि मग चर्च.

नागपूरने मात्र बहुतेक ठिकाणी तळघरही केले नाही आणि वेगळी चर्चेसही बांधली नाहीत. एकच छप्पर आणि वेळा वाटून घेतल्या. मला हे अधिक ख्रिस्ती वाटते, पण अधिक कठीणही. कारण वेगळे चर्च असले की शेजाऱ्याला विसरता येते. एकाच छपराखाली वाटणी रोज करावी लागते, आणि वाटणीतच तर यरुशलेमच्या मंडळीचे बिनसले होते.

तेव्हा पुन्हा वाचनाकडे. प्रेषितांनी काय केले, ते बारकाईने पाहा. ‘तुम्ही कालचे आलेले, गप्प बसा’ असे ते ग्रीक बोलणाऱ्यांना म्हणाले नाहीत. ‘आम्ही सगळे एकच, भाषेचा विषय काढू नका’ असेही म्हणाले नाहीत. हे दुसरे वाक्य आपल्या बैठकांत फार गोड आवाजात बोलले जाते आणि बहुधा ज्याच्या हाती वाटणी आहे तोच ते बोलतो. प्रेषितांनी तक्रार खरी मानली आणि सगळ्या मंडळीलाच बोलावून सात माणसे निवडायला सांगितली. मग निवडले कोण गेले? स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय झाला होता, बहुधा त्यांच्याच हाती वाटणीचे काम दिले गेले, आणि तेही बहुसंख्यांच्या संमतीने. शेवटचा निकलाव तर अंत्युखियाचा, जन्माने यहूदीदेखील नव्हे. तो दुप्पट उपरा होता.

आजचे दुसरे वाचन पेत्राच्या पहिल्या पत्रातले (२:४-९). त्यात आपल्याला जिवंत दगड म्हटले आहे, हे आपण ऐकलेच. पण हे पत्र कोणाला लिहिले आहे, ते त्याच्या पहिल्याच ओळीत आहे, आणि ती ओळ आज वाचली जात नाही. घरी गेल्यावर उघडून पाहा. परमुलखांत पांगून उपऱ्यासारखे राहणाऱ्यांना ते लिहिले आहे.

हल्ली मागच्या बाकांवर काही नवे चेहरे दिसतात. बांधकामावर आलेले छत्तीसगड-झारखंडकडचे तरुण, रुग्णालयांत नव्याने लागलेल्या मुली. ते उशिरा येतात, लवकर जातात, सायकल-स्टँडजवळ उभे राहून मिस्सा ऐकतात. त्यांना आपली गाणी येत नाहीत. त्यांची गाणी कोणती, हे त्यांना आपण अजून विचारलेले नाही. मीही विचारलेले नाही.

शेवटी एक विनंती. आपल्या धर्मग्रामाची जुनी माहिती एकत्र करण्याचे काम हाती घेतले आहे. जुन्या स्नानसंस्कार-नोंदी लॅटिनमध्ये असल्याने घरची नावे त्यांत ओळखू येत नाहीत. आपल्या पणजीचे नाव तिथे कोणत्या रूपात लिहिले गेले असेल, हे घरच्या माणसांनाच सांगता येईल. ज्यांच्याकडे जुनी प्रमाणपत्रे, लग्नाचे फोटो, पलटणीचे वा रेल्वेचे कागद, तमिळ, तेलुगू, कोंकणी किंवा मल्याळम प्रार्थनापुस्तके असतील, त्यांनी ती पुढच्या रविवारी मिस्सेनंतर कार्यालयात दाखवावीत. कागद पाहून लगेच परत दिले जातील. आणि कबरस्तानातल्या ज्या जुन्या दगडांवरची अक्षरे पुसट होत चालली आहेत, ती उतरवून घ्यायला तमिळ वाचता येणारे दोन जण हवे आहेत. कामठीची आजीआजोबा मंडळी घरी असतील तर त्यांना रिक्षाने घेऊन या. भाडे धर्मग्राम देईल.